एक ओळ कमी पडली

“हे पण जुळव,” अत्तरसिंग म्हणाला आणि माझ्या पुढ्यातल्या छपाईच्या खिळ्यांवर त्यानं एक पोस्टकार्ड टाकलं.

“काय आहे?”

“धमकी. आठ दिवसांत मुडदा पाडतो म्हणायलेत. पहिल्या पानावर घे, चौकटीत. अन् शुद्धलेखन तेवढं नीट कर, लई घाण लिहिलंय.”

मी कार्ड उचललं नाही. हातातली ओळ पुरी केली, मग बोललो, “कोणाचं आहे? डेऱ्याचं का आपल्या जथ्याचं?”

“नाव घालायची हिंमत असती तर कार्ड कशाला पाठवलं असतं? समोर आले असते की.”

“येतील. येतील समोर पण.”

“येऊ दे. चहा पाजू,” म्हणाला आणि जिना चढून वर गेला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा. तुम्ही दगड उचलावा आणि त्यानं म्हणावं, नीट धर, बोट चेपेल. मला तो माणूस त्या दिवसांत डोळ्यांसमोर नको होता, आणि मी सकाळी आठपासून चारपर्यंत त्याच्याच छपराखाली उभा असायचो.

मी निहालसिंग. टाकळी लष्करच्या ‘दैनिक पलिता’चा फोरमन. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या नावातलं लष्कर म्हणजे आम्हीच. निजामाच्या चाकरीला लाहोरकडून शिखांची फौज आली, तिची एक तुकडी इथं गोदावरीच्या काठी राहिली आणि राहूनच गेली. पाच पिढ्या झाल्या. पगडी बांधतो, गुरुद्वाऱ्यात अरदास पंजाबीत करतो आणि भांडतो मराठीत. अत्तरसिंग दफेदार आमच्यातला पहिला बीए. मास्तरकी सोडून त्यानं मराठी सायंदैनिक काढलं, चार पानांचं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला वीरजी म्हणायचो, तुम्ही म्हणायचो. खिळे जुळवायला मला त्यानंच शिकवलं. हे मी नाकारत नाही.

आता भांडण कशाचं ते सांगतो. उत्तरेकडून एक चिमटेवाले बाबा आले. माळेगावच्या रस्त्याला त्यांनी डेरा टाकला आणि सत्संग सुरू केला. सत्संगाला कोणाची ना नव्हती. पण बाबा ग्रंथसाहेबांच्या शेजारी गादी मांडून बसायला लागले, आणि आमचेच पाच-पंचवीस लोक त्यांच्या पायावर डोकं ठेवायला लागले. आमच्यात देहधारी गुरू नाही. दहाव्या गुरूंनंतर ग्रंथ हाच गुरू, हे लहान पोराला पण माहीत असतं. गाव पेटलं. अत्तरसिंगनं बाबाच्या गादीवर सलग चार अग्रलेख लिहिले, असे की डेऱ्यानं ‘पलिता’ची होळी केली. तोपर्यंत तो आमचा वाघ होता. मग जथ्याची, म्हणजे आमच्या कट्टर टोळीची, पोरं डेऱ्यावर चालून गेली, तलवारी निघाल्या, आणि डेऱ्याकडचे तीन जण मेले. दुसऱ्या दिवशी आमच्या वाघानं मथळा दिला : ‘गुरूचं नाव, कसायाचं काम’. खाली पकडलेल्या सात जणांची नावं.

त्यात चौथं नाव माझ्या धाकट्या भावाचं होतं. मेहताबसिंग. बावीस वर्षांचा. आई मेल्यावर मी त्याला भरवून वाढवला होता. आणि ते नाव मी जुळवलं. मे, ह, ता, ब. एकेक खिळा या बोटांनी उचलून. अत्तरसिंग शेजारी उभा होता. मी थांबलो तेव्हा म्हणाला, “निहाल, बाकी सहा नावं लिहायची अन् हे गाळायचं, असं कसं करू?”

“त्यानं काही केलेलं नाही. तो मुंगी मारत नाही.”

“पकडलाय तर खरं? तेवढंच लिहिलंय.”

तेवढंच! तेवढ्यानं मेहताबची सोयरीक मोडली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो. नोकरी का सोडली नाही म्हणाल तर टाकळीत दुसरा छापखानाच नव्हता, आणि वकिलाला पैसे लागत होते.

पोस्टकार्ड त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. एका आठवड्यातलं ते दुसरं. पहिलं डेऱ्याकडचं होतं, हे दुसरं आमच्यातल्याच कोणाचं तरी, अक्षरावरून मला वास आला. गावातल्या दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं म्हणा.

मी धमकी जुळवली. चौकटीत, शुद्धलेखन नीट करून.

साडेअकराला तो चौथ्या पानाचा मजकूर घेऊन खाली आला. आमचा मशीनमन मारोती कंधारे शाई ढवळत होता, त्याला त्यानं उगाचच तंबाखू आणायला पाठवलं. मारोती तंबाखू खात नव्हता. तो बिचारा गेला.

“उद्या सकाळी मी नाही,” अत्तरसिंग म्हणाला. “तू सगळं बघून घे. बाराच्या आत येतो.”

“कुठं चाललात?”

त्यानं एक चिठ्ठी पुढं केली. तीन ओळींची जाहिरात होती. स्वर्गवासी बिशनसिंग यांच्या अखंड पाठाचा भोग उद्या सकाळी दहा वाजता माळेगाव रस्त्यावरील मळ्यात. भोग म्हणजे पाठाची समाप्ती, मग मयताची शेवटची अरदास. बिशनसिंग हा डेऱ्याकडच्या त्या तीन मेलेल्यांतला एक.

“हे आपण छापायचं?” मी म्हणालो. “रोटी-बेटी बंद केलीय त्यांच्याशी. गुरुद्वाऱ्याच्या संगतीनं ठराव केलाय, कोणी त्यांच्या उंबऱ्यावर जायचं नाही.”

“जाहिरात आहे. छाप.”

“अन् तुम्ही तिथं जायलात?”

“बिशन माझ्या बाकावर बसायचा, निहाल. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत. त्याचा बाबा मला मान्य नाही, कधी होणार पण नाही. पण तो मेला तो तलवारीनं, माझ्या बाजूच्या तलवारीनं. मी गेलो नाही तर कोण जाणार?” मग आवाज खाली करून म्हणाला, “हे फक्त तुला सांगितलंय. तुझ्या भाभीला पण बोललो नाही, ती घरातून निघू देणार नाही. कोणाला कळता कामा नये. ओढ्याचा रस्ता आहे, दोन्हीकडून ज्वारी उभी आहे डोक्याएवढी. कार्ड लिहिणाऱ्याला आयतंच मिळायचं.”

त्याचा विश्वास बघा. त्या वेळी मला तो विश्वास दिसला नाही, मला दिसली ती माझी तीन आठवड्यांची नांदेडच्या तुरुंगाची वारी. आठवड्यातून दोनदा एसटीनं जायचो, डबा घेऊन. अत्तरसिंग एकदाही आला नव्हता.

“मेहताबला भेटायला सवड झाली नाही तुम्हाला,” मी म्हणालो.

“मेहताब जिवंत आहे.”

“असं व्हय! मेला असता म्हणजे तुम्ही आला असता?”

तो चौथ्या पानाचा कागद ठेवून वर गेला. मी कागद बघितला. ‘फटकारा’ हे त्याचं रोजचं छोटं सदर होतं, त्याच्या खाली ही भोगाची जाहिरात. ‘फटकारा’त आठवी ओळ अशी होती : ‘मेहताबसिंगच्या हातात तलवार पाहणारे आज गप्प का?’

मी खिळे जुळवायची स्टिक आपटली. खिळे जमिनीवर सांडले. जिन्याच्या खाली उभा राहून ओरडलो, “अत्तरसिंग! खाली ये!”

आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. मारोती तेवढ्यात तंबाखू घेऊन आला होता, तो दारातच थिजला.

अत्तरसिंग खाली आला. मी कागद त्याच्या छातीवर दाबला. “एकदा माझ्या हातानं माझ्या भावाचं नाव लिहून घेतलंस. आता पुन्हा? कोर्टानं सांगितलं का, तलवार होती म्हणून? तू जज्ज आहेस का रे? हे नाव मी जुळवणार नाही. तूच जुळव. मी चाललो.”

त्यानं ओळ दोनदा वाचली. मग माझ्या खिशातली पेन्सिल काढून ती ओळ खोडली.

“खरंय तुझं,” म्हणाला. “मला दोन माणसांनी सांगितलंय, पण साक्षीला कोणी उभं राहत नाही. साक्ष नाही तर ओळ नाही. काढली.”

“उपकार केलेस.”

“एक ओळ कमी पडेल. काहीतरी भर.”

भीक घातल्यासारखं वाटलं मला. भांडला असता तर बरं झालं असतं. मी स्टिक फेकून निघून गेलो असतो आणि पुढचं काही घडलंच नसतं. पण तो खरंय म्हणाला आणि गेला. मी खाली बसून सांडलेले खिळे वेचत बसलो.

आता ही ओळीची भानगड ज्यांनी छापखाना बघितला नाही त्यांना सांगायला पाहिजे. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ व्हायची, ओळींचा रकाना, रकान्यांचं पान. पान लोखंडी चौकटीत बसवून आवळायचं. सगळे रकाने सारख्या उंचीचे झाले पाहिजेत. एका ओळीची जागा मोकळी राहिली तर नुसती शिशाची पट्टी घालून भागतं, पण अत्तरसिंगला कोरी जागा चालायची नाही. वाचकाला काय पांढरा कागद विकायचा का, म्हणायचा. म्हणून आम्ही फळीवर तयार ओळी जुळवून ठेवलेल्या असायच्या. ‘पाणी जपून वापरा.’ ‘झाडे लावा.’ ‘दारू सोडा, संसार जोडा.’ जागा उरली की उचलायची आणि ठेवायची. डोळे मिटून होणारं काम.

आणि अत्तरसिंगचं दुसरं एक खूळ होतं, तेही सांगून टाकतो. ‘पलिता’त छापलं म्हणजे ते खरं असलं पाहिजे. चूक झाली तर दुरुस्ती छापायची नाही, चूकच खरी करायची. एकदा माझ्या हातून वार चुकला. संपादक सोमवारी वडगावला प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बोलणार होते, मी रविवार छापला. हा बाबा रविवारी गेला. शाळेला कुलूप. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला ओट्यावर बसवून तासभर अआइई शिकवून आला, आणि सोमवारी पुन्हा गेला. गाव महिनाभर हसत होतं. मला तो एका शब्दानं बोलला नाही, फक्त म्हणाला, निहाल, वार बघत जा रे, लई ऊन होतं.

हे सगळं मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

अडीच वाजता मी चौथं पान बांधलं. रकान्यात एका ओळीची जागा होती, ‘फटकारा’ संपल्यावर, भोगाची जाहिरात बसल्यावर, अगदी तळाला. ‘पाणी जपून वापरा’ हाताच्या अंतरावर होती. मी ती उचलली नाही. स्टिक घेतली, एक नवी ओळ जुळवली, बसवली आणि चौकट आवळली. मारोतीला हाक मारली. चार वाजता अंक गावात गेला.

साडेपाचला मी घरी अंगणात रॉकेलनं हाताची शाई काढत होतो. राजदूत फटफटीचा आवाज आला. अत्तरसिंग उतरला, बाजेवर बसला आणि खिशातून अंक काढून त्यानं चौथं पान वर करून घडी मांडीवर ठेवली.

“ओळ भरलीस.”

“जागा होती.”

“फळीवर ‘पाणी जपून वापरा’ होती की.”

“काल टाकली होती.”

“परवा टाकली होती, निहाल.”

मी हात चोळत राहिलो. त्यानं ती जाहिरात मोठ्यानं वाचली, बातम्या वाचतात तशी. बिशनसिंग, अखंड पाठ, सकाळी दहा, माळेगाव रस्ता. आणि शेवटची ओळ, माझी : ‘संपादक अत्तरसिंग हजर राहतील.’

“काहून केलंस?”

“गावाला कळू दे की!” माझा तोल गेलाच. “चोरून काहून जायचं? संगतीचा ठराव मोडायचाय ना, मग उजेडात मोडा. तुम्हाला बोलावतील पंचांपुढं. धर्माची शिक्षा, तनखाह लावतील. गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात बसवतील अन् सगळ्या संगतीचे जोडे पुसायला लावतील सात दिवस. मी माझे जोडे चिखलात बुडवून आणणार आहे. रोज. लोकांची नावं छापता ना, आता तुमचं छापलं मी!”

खरं सांगतो, माझ्या डोक्यात तेवढंच होतं. पगडीवर धूळ बसलीय, मांडीवर फडकं आहे आणि अत्तरसिंग बीए माझ्या जोड्याचा चिखल खरवडतोय. अडीच वाजल्यापासून ते चित्र मी चघळत होतो. त्या पोस्टकार्डाची मला आठवण नव्हती असं मी पुढं पुष्कळांना, म्हणजे स्वतःलाच, सांगितलं. पण सकाळी ते कार्ड मीच जुळवलं होतं. कसं विसरलो असेन?

अत्तरसिंग हसला. “जोडे पुसायला मला लाज नाही रे. पुसले असते. ओढ्याच्या रस्त्याचं तेवढं वाईट केलंस.”

तेव्हा कुठं माझे हात चोळायचे थांबले.

बोलायला एवढंच होतं, की वीरजी, चुकलं, उद्या जाऊ नका. पाच शब्द. तोंडाशी आले होते. पण तो पुढं म्हणाला, “आता जायलाच पाहिजे. गुपचूप जायचं होतं तोवर नाही गेलो तरी चाललं असतं. आता छापून आलंय.”

आणि त्या म्हणण्याचा मला असा संताप आला! मरायच्या गोष्टीतसुद्धा याचा तोरा. माझी चूकसुद्धा हा स्वतःच्या मोठेपणाला जोडून घेणार.

“मग जा,” मी म्हणालो.

“पाणी दे जरा.”

मी तांब्या भरून दिला. पिऊन त्यानं तो उपडा ठेवला, पागोट्याचं टोक खोचलं आणि गेला. दारातून वळून म्हणाला, “उद्या पहिल्या पानावर ऊसदराची बातमी घे. मी उशिरा आलो तर थांबू नको.”

दुसऱ्या दिवशी साडेदहाला माळेगावचा दूधवाला सायकल टाकून छापखान्यात आला. ओढ्याच्या पुलाच्या अलीकडं, म्हणाला. ज्वारीतून दोघं निघाले. बाराबोरची बंदूक. राजदूत अजून चालूच होती, म्हणाला, पडल्या पडल्या चाक फिरत होतं. भोगाच्या मळ्यापासून अर्धा मैल. हजर राहतील असं छापलं होतं, राहिला नाही. ‘पलिता’त छापून न घडलेली तेवढी एकच गोष्ट.

दुपारी इन्स्पेक्टर आले. संपादकाच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो, मी, मारोती आणि खुर्चीवर भाभी, सतवंतकौर. मांडीवर सहा वर्षांची तरण. भाभी रडत नव्हती. पोरीच्या वेणीची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची, असं चाललं होतं. इन्स्पेक्टरांनी टेबलावर आमचाच अंक ठेवला. ज्वारीत सापडला होता. चौथं पान वर, घडी घातलेली, त्या जाहिरातीच्या भोवती शाईनं गोल केलेला.

“ही शेवटची ओळ कोणी टाकली?”

मारोतीनं माझ्याकडं बघितलं. त्याला वाचता यायचं नाही, पण पान मी बांधलं हे त्याला ठाऊक होतं. मी बोलणार होतो. शप्पथ घेऊन सांगतो, तोंड उघडलं होतं.

“त्यांनीच,” भाभी म्हणाली.

“म्हणजे?”

“काल जेवताना मी पेपर वाचला. भांडले मी. म्हणलं, ही दवंडी कशाला पिटली? तर म्हणाले, मीच सांगितलं निहालला टाकायला. निहाल नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही, म्हणाले.” मग ती माझ्याकडं वळली. “निहालभाऊ, तुम्ही नको म्हणलात ना? थोडं जोर लावून म्हणायचं होतं हो.”

इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं. मला विचारलं, “असंच ना?”

“हो,” मी म्हणालो.

छापील शब्द खरा करायला जो उन्हातान्हात दोनदा वडगावला गेला, तो बायकोच्या ताटासमोर बसून खोटं बोलला होता. माझ्यासाठी. म्हणजे त्याला ठाऊक होतं, उद्या काय होणार आणि परवा कोण काय विचारणार. ओढ्याच्या रस्त्याला लागायच्या आधी त्यानं माझी बाजू लावून ठेवली होती. लोक म्हणतील, केवढं मन! मला तसं वाटलं नाही. मला त्याचा गळा धरावासा वाटला. मला शिव्या देऊन गेला असता तर मी रडलो तरी असतो.

मारेकरी दोघंही जथ्याचे निघाले. एक पकडला, एक कायमचा पसार झाला. मेहताब वर्षभरात सुटला, साक्षीला कोणी उभं राहिलं नाही. ‘पलिता’ बंद पडला. आणि गावात एक म्हण रुजली. कोणी स्वतःचा डंका पिटायला लागला की म्हणायचे, बाबा रे, अत्तरसिंग होऊ नको, स्वतःच्याच पेपरात छापून गेला मरायला. पोरंटोरं पण म्हणायची. माझ्यासमोर म्हणायची. मी ऐकायचो.

पस्तीस वर्षं ऐकलं.

मग तरण आली. आता ती नागपूरला प्राध्यापक आहे. वडलांवर पुस्तक काढत होती, आठवणींचं. भाभी तोपर्यंत वारली होती. “काका, प्रूफं तुम्हीच बघा,” म्हणाली. “बाबा म्हणायचे, निहालच्या हाताखालून गेलेलं पान म्हणजे धुतलेलं ताट.”

मी चष्मा लावून बसलो. एकेचाळिसाव्या पानावर तिनं लिहिलं होतं : ‘बाबांना प्रसिद्धीचा मोह होता, हे लेक म्हणूनही मला नाकारता येत नाही. तो मोहच त्यांच्या जिवावर बेतला.’

माझा हात पानावरच राहिला. तिनं विचारलं, काय झालं, चूक आहे का?

“आहे,” म्हणालो. पेन्सिलीनं दोन्ही वाक्यं खोडली. समासात लिहिलं : ‘ती ओळ मी टाकली. त्यांनी सांगितलं नव्हतं. जाऊ नका असंही मी म्हणालो नाही. – निहालसिंग.’ आणि कागद तिच्याकडं सरकवला.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.  मग म्हणाली, “आई मरेपर्यंत बाबांवर चिडलेली होती, काका. शेवटच्या दिवशी पण म्हणाली, हौसेपायी गेला. तुम्ही उशाशी होता तेव्हा.”

“होतो.”

तिनं प्रूफं गोळा केली. चहा तसाच ठेवून गेली. जाताना पाया पडली नाही. दर वेळी पडायची.

पुस्तक निघालं. माझ्या ओळी जशाच्या तशा छापल्या होत्या. मला प्रत आली नाही, बाजारातून विकत आणली.

त्या आठवड्यापासून मी रोज सकाळी गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात बसतो. कोणी तनखाह लावलेली नाही. पुस्तकं वाचतो कोण? लोकांना वाटतं म्हातारा सेवा करतो. फडकं घेऊन संगतीचे जोडे, चपला, पोरांचे बूट पुसतो. बायका म्हणतात, किती भाविक. मी पुढचा जोडा घेतो.

महिन्याभरानं मेहताब आला. साठीला आलाय आता, ट्रॅक्टरची एजन्सी आहे, गावात वजन आहे. त्याला कोणीतरी ते एकेचाळिसावं पान दाखवलं होतं. माझ्यासमोर उकिडवा बसला, डोळे भरून आलेले.

“भाऊ,” म्हणाला, “एवढी वर्षं मला वाटायचं तू त्याच्या बाजूचा. तोंडावर नाही पण मनातून मी तुला शिव्या द्यायचो. अन् तू... एक शब्द बोलला नाहीस रे! आपण दोघांनी आपापला वाटा उचलला म्हणायचा.”

“कसला वाटा?”

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं. “बिशन मी घेतला. अत्तरसिंग तू.”

माझ्या हातात कोणाचा तरी जोडा होता, तो मी खाली ठेवला. आठवी ओळ. मेहताबसिंगच्या हातात तलवार पाहणारे आज गप्प का. ती अत्तरसिंगनं खोडली म्हणून जागा झाली होती, आणि त्या जागेत मी त्याला घातला होता.

मेहताबनं माझा खांदा दाबला. मग उठून पायातले जोडे काढले आणि माझ्यापुढं ठेवले, चांगले चकचकीत, कातडी. “घे, माझे पण पुस. तुझ्या हातचं पुण्य लागू दे.”

“उचल,” मी म्हणालो.

“काय?”

“जोडे उचल तुझे. सगळ्या गावाचे पुसतो. चोराचे पुसतो, दारुड्याचे पुसतो. डेऱ्याचं कोणी आलं तर त्याचे पण पुसीन. तुझे पुसणार नाही.”

तो हसायला गेला. मी जोडे उचलून भिरकावले, एक पायरीवर पडला, एक पार रस्त्यात, रिक्षाच्या पुढ्यात. आत कीर्तन चाललं होतं, दोघांतिघांनी वळून बघितलं. मेहताब रस्त्यात गेला, वाकून जोडा उचलला, दुसरा पायरीवरून घेतला आणि दोन्ही हातात धरून अनवाणीच निघाला. मी फडकं झटकलं. रविवार होता, पुढ्यात अजून पन्नास-साठ जोड पडले होते.